उतरा की कुणीतरी

आमच्या दुकानात वर्षभर कुणी राज्याभिषेक करून घेतं, कुणी वनवासाला जातं, कुणी रणात पडतं, आणि सोमवारी सकाळी सगळ्यांचे कपडे परत यावे लागतात. नाही आले तर मी फोन करते. "अहो, तुमचा रावण अजून आला नाही," असं मी फोनवर म्हणते तेव्हा समोर बसलेलं नवं गिऱ्हाईक जरा दचकतं.

घोटावड्यात माझं ड्रेपरीचं दुकान आहे. ड्रेपरी म्हणजे नाटक, गॅदरिंग, मिरवणूक असल्या कामांसाठी पोशाख भाड्याने देणं. पुढे दुकान, मागे दोन शिलाई मशीन, वर माळ्यावर मुकुट, गदा आणि एक पुठ्ठ्याचा सिंह. सिंहाचा जबडा उंदरांनी खाल्लाय, त्यामुळे तो हल्ली फक्त मागच्या रांगेत उभा राहतो. ऑगस्टात भारतमाता जातात, फेब्रुवारीत मावळे, एप्रिलात निळे फेटे. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंगं असतात, तेव्हा मला शिंकायलाही सवड नसते. एका शाळेने एकदा अख्खं जंगल मागितलं होतं. मुलांना झाडं केलं, पण एकाही झाडाला हात बाहेर काढायला भोक ठेवायचं माझ्या लक्षात आलं नाही. मग नाक पुसायची पंचाईत झाली आणि वनवास सुरू असताना जंगल रडायला लागलं.

लोकांना वाटतं, नाटकाचे कपडे म्हणजे वरची झगमग. खरं काम आतल्या बाजूला असतं. एकाच अंगरख्यात या आठवड्यात काडीपैलवान मास्तर आणि पुढच्या आठवड्यात पोट सुटलेले सरपंच बसले पाहिजेत. म्हणून शिवणीच्या आत भरपूर कापड राखायचं, हुकांच्या तीन ओळी लावायच्या आणि काज-बटणांच्या नादी लागायचं नाही. विंगेत उभं राहून माणसाला दोन गाणी होईस्तोवर राजाचा भिकारी करायचा असतो, तिथे बटणं कोण लावत बसणार. जवळून पाहिलं तर आमचा कुठलाही शालू केविलवाणा दिसतो. पण तो जवळून बघायचा नसतोच.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. महाळुंग्याचा एक तरुण आला होता. ऑफिसात पारंपरिक पोशाखाचा दिवस होता आणि त्याला शेतकऱ्याचा ड्रेस हवा होता. धोतर, बंडी, मुंडासं. मी मुंडासं बांधून दिलं तर आरशात बघतच राहिला. म्हणाला, "आज्ज्याचं मुंडासं घरात हाये, मावशी. पेटीत. पण बांधाया कुनाला येत न्हाई." त्यांचं शेत होतं तिथे आता बारा मजली इमारत आहे आणि तो तिच्या सातव्या मजल्यावर राहतो. मी त्याला तिथल्या तिथे तीनदा सोडून तीनदा बांधायला लावलं. भाडं घेतलं, पण पुढच्या वर्षी त्याला माझ्याकडे यायची गरज पडू नये असं मनापासून वाटलं. आला नाही. धंद्याचं नुकसान झालं, पण बरं वाटलं.

या अंकाच्या संपादकांनी मात्र मला 'न विसरता येणारा पोशाख' असं काही लिहायला सांगितलंय. तर तो पांढरा झगा.

शेजारच्या रिहे गावच्या खोऱ्यात भातखाचरांच्या कडेला एक मोठं फार्महाऊस आहे. तिथे लिडिया मॅडमनी पाश्चात्त्य गाण्याचे वर्ग सुरू केले. मॅडम मूळच्या गोव्याच्या, गाणं परदेशात शिकलेल्या, बोलायला फटकळ आणि जेवू घालायला सढळ. हिंजवडीत नोकरी करणारी पोरं-पोरी शनिवार-रविवार त्यांच्याकडे गायला यायची. त्यांनी ठरवलं की एक जुना परदेशी ऑपेरा करायचा, मोकळ्या हिरवळीवर. ऑपेरा म्हणजे सगळं गाऊनच. भांडण गाऊन, पाणी मागणंही गाऊन. आपल्या संगीत नाटकात निदान मध्ये बोलतात तरी.

पोशाखांसाठी मॅडम माझ्याकडे आल्या. गोष्ट त्यांनी दुकानात उभ्या-उभ्या सांगितली. एका लांबच्या बेटावर मीठ गोळा करणारी मुलगी असते. परक्या देशाच्या जहाजावरून समुद्राचे नकाशे काढणारा एक तरुण तिथे उतरतो. दोघांचं प्रेम बसतं, बेटाच्या रीतीने लग्न होतं. पण त्याच्या लोकांच्या लेखी ते लग्नच नसतं, आणि परक्याशी केलं म्हणून तिच्या लोकांच्या लेखीही ती मेलेली असते. तो 'घरच्यांना घेऊन येतो' म्हणून जातो. शेवटी जहाज परत येतं. इतकं सांगून झालं आणि मॅडमचा फोन वाजला. जाता जाता म्हणाल्या, "शेवटच्या प्रवेशात ती पांढरं घालते. ते विसरू नका."

हे सगळं सांगायचं कारण असं की, त्या वेळी माझ्या घरातही एक जहाज अडकलं होतं.

माझी मुलगी उत्पला हिंजवडीला कंपनीत आहे. रिह्याचा निखिल तिच्याच बसने जायचा. बसमध्ये काय काय ठरलं ते मला शेवटी कळलं, जसं सगळ्याच आयांना कळतं. मुलगा चांगला. निर्व्यसनी, हसरा, माझ्यासमोर उत्पलाला घाबरणारा. पण तो रिह्यातल्या मोठ्या जमीनदार घरातला आणि आम्ही बौद्ध. यापुढे काय काय येतं ते इथल्या कुणालाही समजावून सांगायला नको. ज्या जागेवर फार्महाऊस आहे ती जागाही निखिलच्याच घरची, मॅडमना भाड्याने दिलेली.

निखिलचे वडील गेलेले. घरात आई, इंदूबाई, आणि सगळ्यांवर आवाज चढवणारे चुलते. चुलत्यांनी एका वाक्यात विषय संपवला होता. इंदूबाई मात्र स्वतः माझ्या दुकानात आल्या. हातात ब्लाउजचं कापड होतं, पण ब्लाउज शिवायला त्या आल्या नव्हत्या हे दोघींनाही ठाऊक होतं.

"विमल, पोरगी सोन्यावानी हाय तुजी," त्या म्हणाल्या. "म्या तिला नावं ठेवत न्हाई. पर तुमच्या लग्नात नवरी पांढरं नेसती. आमच्या दारात पांढरं नेसून नवरी यायची न्हाई."

"आमच्यात नवरी पांढरंच नेसती, वैनी. माज्या आईनं नेसलं, म्या नेसलं. आमाला त्यात काय बी वंगाळ वाटत न्हाई."

"तुला न्हाई वाटत. माजी सासू तरनीताठी व्हती तवाधरनं मरस्तोवर पांढऱ्यात बसली व्हती, कोपऱ्यात. तिला कुनी सनाला म्होरं येऊ दिलं न्हाई. आता तसलंच लुगडं नेसून माज्या पोराची बायको उंबरा वलांडनार व्हय?"

मला राग आला होता, तो अर्ध्यावर थांबला. सासूची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. पण मीही हेकट. माझ्या आईबापांनी जुन्या रीती सोडून ही रीत धरली, ती का धरली ते मला माहीत आहे. लेकीला पांढरं नेसू नको म्हणून मी सांगणार नव्हते. पांढऱ्याच्या आडून आम्ही दोघी दुसऱ्याच गोष्टीवर भांडत होतो, आणि तिचं नाव कुणीच घेत नव्हतं.

"मंग ब्लाउज कसलं शिवू?" मी विचारलं.

"कसलं बी शिव," म्हणाल्या आणि गेल्या.

उत्पलाने सांगून टाकलं, लग्न करणार, आणि पळून जाऊन करणार नाही. इथेच, घोटावड्यात, मंगल कार्यालयात, दिवसाउजेडी. "त्याच्या घरचं एक तरी माणूस आलंच पाहिजे, आई. नाहीतर ते लग्न अर्धंच राहील. मला अर्धं नकोय." ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी नुसती मशीन चालवत राहिले.

त्याच मशीनवर मी तो झगा शिवला. आता बघा, माझ्यासारख्या बाईला कुणी सांगितलं की शेवटी जहाज येतं आणि मुलगी पांढरं घालते, तर ती काय समजणार? नवरा घरच्यांना घेऊन आला, आता रीतसर लग्न लागणार. मी जीव ओतला. मऊ पांढरं सुती कापड घेतलं, काठाला बोटभर सोनेरी पट्टी लावली, खाली चुण्या दिल्या, केसांत माळायला पांढरी फुलं केली. घरच्या लग्नाचं काही खरं नव्हतं, तर म्हटलं, हिचं तरी थाटात होऊ दे.

मुलीचं काम करणारी रुथ मेघालयची. माप द्यायला आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की या गाणाऱ्या लोकांची छाती भात्यासारखी फुगते. झगा पहिल्यांदा घालून तिने वरचा सूर लावला आणि पाठीवरचे दोन हुक टपकन उडाले. "मावशी, इसमें साँस नहीं आती," ती हसत म्हणाली. मग पाठीत जादा कापड घालून त्याच्या चुण्या पाडल्या. श्वास घेतला की उघडतील, सोडला की मिटतील. हे मला नव्याने शिकावं लागलं.

रंगीत तालमीला रुथ पांढऱ्या झग्यात आली तशा लिडिया मॅडम खुर्चीतून उठल्या.

"विमलताई, हे काय केलंत? ही मरायला निघाली आहे."

"मरायला?" मी म्हटलं. "मला वाटलं, लग्नाला."

सगळी पोरं खो-खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा कुठे मॅडमनी शेवट सांगितला. जहाज येतं, पण त्यावरून कुणीच उतरत नाही. त्याला घरच्यांनी अडवलेलं असतं. जहाज लांबूनच वळतं, आणि ती चालत समुद्रात शिरते. पांढरं हा त्या बेटावरच्या सुतकाचा रंग. मी म्हटलं, आमच्यात नवरी पांढऱ्यात असते, मला दुसरं सुचलंच नाही. काठ उसवून देते.

रुथ स्वतःच्या अंगावरचा काठ चाचपत होती. म्हणाली, "मॅडम, हमारे यहाँ भी दुल्हन सफ़ेद ही पहनती है."

मॅडम पुन्हा खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "माझंही लग्न पांढऱ्यातच झालंय की. इतकी वर्षं मी हा ऑपेरा ऐकते, आणि मला हे सुचलं नाही." त्या रुथकडे वळल्या. "ती मरायला येत नाही. नवरी होऊन येते. सासरची माणसं आज उतरणार म्हणून नटून येते. काठ राहू द्या, विमलताई."

खेळ रविवारी संध्याकाळी झाला. प्रेक्षकांत निम्मे हिंजवडी-बाणेरचे, निम्मे गावातले. जागेचे मालक म्हणून इंदूबाईंना पुढच्या सोफ्यावर बसवलं होतं. चुलते पहिल्या गाण्यालाच जांभई देऊन उठून गेले. गाणं परक्या भाषेतलं, म्हणून प्रत्येक अंकाआधी माईकवरून गोष्ट मराठीत सांगायची होती, आणि ते काम निखिलकडे होतं. त्यामुळे इंदूबाईंना ती सगळी गोष्ट स्वतःच्या मुलाच्या आवाजात ऐकावी लागली. हा मॅडमचा डाव होता की योगायोग, ते मी कधी विचारलं नाही. उत्पला माझ्याबरोबर विंगेत होती, हातात सुई-दोरा घेऊन.

तिसऱ्या अंकाआधी निखिल म्हणाला, "आता जहाज परत आलंय. मुलीला वाटतंय, तिच्या माणसाबरोबर त्याची माणसं येतील. एक जण जरी उतरला, तरी तिच्या लग्नाला लग्न म्हणतील." उत्पलाने सुई बोटात टोचून घेतली आणि 'स्स' सुद्धा केलं नाही.

रुथ पांढऱ्यात बाहेर आली. इंदूबाई ताठ झाल्या, मला विंगेतून स्पष्ट दिसलं. मग त्यांची नजर काठावर गेली. मागून आमचं पुठ्ठ्याचं जहाज हळूहळू सरकत आलं, दिवे लावलेलं. मुलगी किनाऱ्यावर हात पुढे करून उभी. बाजा थांबला. या ठिकाणी अगदी शांतता हवी, असं मॅडमनी सगळ्यांना बजावलं होतं. पाठीवरच्या चुण्या उघडत-मिटत होत्या.

जहाजावरून कुणी उतरेना.

त्या शांततेत पुढच्या सोफ्यावरून आवाज आला, "आरं, उतरा की कुनीतरी."

बाणेरकडचे काही लोक हसले आणि लगेच गप्प झाले. इंदूबाईंना भान नव्हतं. जहाज वळायला लागलं तशा त्या अर्ध्या उठल्या. "आरं तिची सासू कुटं हाय? बाईमानूस एक बी न्हाई व्हय त्या बोटीत?" रुथने त्यावरच शेवटचा सूर लावला, आणि तो असा लागला की माझ्या अंगावर आजही काटा येतो.

खेळ संपल्यावर इंदूबाई मागे आल्या. आधी रुथच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग झग्याचा काठ चिमटीत धरून बघितला. "तुमच्यातल्या नवरीवानी शिवलाय व्हय?" मला विचारलं.

"व्हय, वैनी."

"समद्या दुनियेत नवऱ्या पांढरंच नेसत्यात म्हन की," त्या पुटपुटल्या. उत्पला कोपऱ्यात मुकुट पिशवीत भरत होती. तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. भाताला पाणी लावायचंय म्हणून निघून गेल्या.

त्यानंतर बरेच दिवस रिह्याकडून काही निरोप नाही. लग्नाची तारीख आली. चुलत्यांनी भावकीत सांगून ठेवलं होतं, कुणी जायचं नाही, आणि जाईल त्याला आमचं दार बंद. निखिल एकटाच, पांढऱ्या सदऱ्यात, मित्राच्या गाडीवरून आला. उत्पला पांढऱ्या साडीत तयार. त्या साडीला मी तसाच बोटभर काठ लावला होता, त्याच सोनेरी गुंडाळीतला. आमचे पाहुणे आले, बसमधली ओळखीची पोरं आली, रुथ आली, लिडिया मॅडम टोपलीभर केक घेऊन आल्या. मंडपातल्या डाव्या बाजूच्या, मुलाकडच्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या बाजूला बसायचं नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी कुणी बसत नव्हतं.

वंदना सुरू करायची वेळ झाली. भन्तेजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जरा थांबा. कशासाठी थांबायचं ते मलाही सांगता आलं नसतं. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले.

पिरंगुटाच्या रस्त्याने एक जीप आली आणि फाटकासमोर थांबली. काचा वर. इंजिन सुरूच. ड्रायव्हर समोर बघत बसलेला. मंडपातली कुजबुज थांबली. मागे वळून पाहिलं तर उत्पला स्टेजवरून उठून उभी राहिली होती. माझ्या मनात एकच आलं, आता ही गाडी वळेल. माझ्या पोरीला हे बघायला लागू नये.

दार उघडलं. आतून आधी एक पिशवी बाहेर आली, मग इंदूबाईंचा पाय, जमीन शोधत अधांतरी.

"बघत काय हुबी ऱ्हायलीस," त्या म्हणाल्या. "हात द्या, विहीणबाई. गाडी लई उंच हाय आन गुडघं दुखत्यात."

मी हात दिला. त्यांनी चांगला घट्ट धरला आणि सगळा भार माझ्यावर टाकून खाली उतरल्या. तिथेच उभं राहून पदर नीट केला, मंडपाकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "म्या उतरले गं." माझ्या डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं. पुढे मंडपात त्यांना मी नेलं की त्यांनी मला, सांगता येणार नाही.

पिशवीत हिरव्या बांगड्या होत्या. उत्पलाच्या साडीवरून त्यांनी एकवार हात फिरवला आणि म्हणाल्या, "पांढरी नेसलीस, नेस. पर हात भुंडं नगं." आणि स्वतः तिच्या हातात बांगड्या भरल्या. मग डाव्या बाजूच्या पहिल्या खुर्चीत एकट्याच जाऊन बसल्या. त्यांच्या शेजारी आधी लिडिया मॅडम जाऊन बसल्या, मग रुथ, मग आमच्या आळीतल्या बायका.

चुलते अजून बोलत नाहीत. नातीच्या बारशाला मात्र त्यांनी कुणाच्या तरी हाती पाळणा पाठवला. पाळण्याशी आम्हाला भांडण नाही.

तो झगा अजून दुकानात आहे आणि खूप चालतो. नाताळात परी होतो, गॅदरिंगला सरस्वती, एकदा एका कंपनीत तो 'शांतता' झाला होता. पाठीतल्या चुण्यांमुळे कुणालाही बसतो. गॅदरिंगच्या दिवसांत इंदूबाई मदतीला येऊन बसतात, हुक टाकायला. झगा न्यायला कुणी आलं की त्या सोडत नाहीत. बस म्हणतात, आणि बेटावरची सगळी गोष्ट सांगतात, मीठ, नकाशे, जहाज, पांढरा काठ. शाळेच्या बाई हातातली पिशवी खाली ठेवून ऐकतात. "मंग बोट आली," इंदूबाई सांगतात, "पोरगी काठावर हुबी. कुनी उतरंना. लई येळ झाला. आन मंग त्या पोराची म्हातारी उतरली."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं होतं, "वैनी, तसं नव्हतं त्यात. ती बुडते."

"ती बोट येगळी," त्या म्हणाल्या आणि पुढचा हुक टाकला.